आवाज माझाच हाय

हरूभाऊ गेला हे त्याच्या मुलीने, मनालीने, फोनवर सांगितलं तेव्हा मी पालघरच्या घरी दाढी करत होतो. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच ती म्हणाली. अर्धी दाढी तशीच पुसून मी बोईसरला निघालो. पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं, म्हणजे हरूभाऊ अजून घरी यायचा होता, पण नाक्यावर त्याचा फ्लेक्स येऊन पोचला होता. मधोमध हरूभाऊ, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला, आणि कडेने व्यापारी मंडळाचे पदाधिकारी हात जोडून, त्याच्यापेक्षा मोठ्या आकारात. खाली मजकूर होता : ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ लोखंडी सळई डोक्यात बसणं हा जर आजार असेल, तर तो अल्पसाच म्हणायला हवा. शब्द निवडणाऱ्याला दाद दिली पाहिजे. हरूभाऊला दिवसाढवळ्या, त्याच्याच दुकानाच्या शटरपाशी मारलं, हे साऱ्या बाजाराला माहीत होतं आणि मजकूर लिहिणाऱ्यालाही. खटला उभा राहायचा आहे, म्हणून मारणाऱ्यांबद्दल मी इथे फार बोलणार नाही. मला लिहायचं आहे ते मेलेल्याबद्दल. गेलेल्या प्रत्येकाला देवमाणूस म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा आधीच सांगून टाकतो : हरेश्वर चुरी देवमाणूस नव्हता. तो मारकुटा होता.

आमची ओळखच मुळी घणाने झाली. मी मूळचा कोल्हापूरकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला आलो तेव्हा हरूभाऊचं बोईसरमध्ये, स्टेशनपासून जरा आतल्या रस्त्यावर, हार्डवेअर आणि मशिनरीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्याच्याकडून आणलेली एक बेअरिंग पंपात बसवली आणि लगेच फुटली. मी ती कागदात गुंडाळून, जमेल तितक्या सभ्य भाषेत, माल नकली असल्याचं सांगायला गेलो. त्याने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. रॅकमधून तसलीच कोरी बेअरिंग काढली, दारातल्या ऐरणीवर ठेवली आणि घण घातला. गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. बेअरिंग फुटली तेव्हा तिचा तुकडा उडून त्याच्याच गालात घुसला. रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरत होतं आणि हा उकिडवा बसून बाकीचे तुकडे निरखत होता. ‘नकलीच हाय,’ तो म्हणाला. ‘हरामखोरांनी मलापण फसवलं.’ मग वर बघून, ‘तुमी कुठले?’ मी म्हटलं, कोल्हापूर. ‘मग बसा कोल्हापूर, चाय घ्या.’ तेव्हापासून माझं नाव कोल्हापूर पडलं. माझ्या साहेबांसमोर, माझ्या बायकोसमोर, एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला भरल्या मांडवात त्याने मला ‘ओ कोल्हापूर’ अशी हाक मारली. नकली माल खपवणाऱ्या एजंटाचं त्याने पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. तो एजंट बरेच दिवस हात गळ्यात अडकवून फिरताना दिसायचा.

गाव त्याचं पाम. वडिलांची थोडी वाडी होती, पण हा पोरवयातच एका कंत्राटदाराकडे बॉयलर साफ करायला लागला. बॉयलरच्या पोटात शिरायचं आणि आत साचलेली खपली छिन्नी-हातोडीने फोडायची. आतून दोघं ठोकायचे, बाहेरून तिसरा, आणि लोखंडाच्या त्या पिंपात आवाजाला बाहेर पडायला वाट नसायची. संध्याकाळी घरी आल्यावर आईचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटायचं, असं तो सांगायचा, आणि ही जणू गंमत असल्यासारखा हसायचा. एकदा कानातून रक्त आलं म्हणून तो बाहेर येऊन बसला, तर मुकादमाने पाइपाने त्याची पाठ फोडली. दुसऱ्या दिवशी हरूने तोच पाइप शोधून मुकादमाच्या गुडघ्यावर चालवला. नोकरी गेली, आणि ती गेली म्हणून दुकान निघालं. हा प्रसंग व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत ‘जिद्दीतून उद्योजकतेकडे’ या मथळ्याखाली आला होता. त्यात पाइप नव्हता.

दुकान चाललं ते त्याने घालून दिलेल्या एका पद्धतीमुळे. कारखान्यात मशीन बंद पडलं की फिटरला काउंटरवर ताटकळायला वेळ नसतो. वर सुपरवायझर बोंबलत असतो, खाली माल वाया जात असतो. म्हणून ओळखीच्या कारखान्याच्या फिटरने हरूभाऊकडे सरळ आत शिरायचं, रॅकमधून लागेल ते उचलायचं आणि दारातून वळून, हात वर करून हाक द्यायची : ‘भाऊ, नेतो.’ भाऊ खुर्चीतून मान हलवणार, की निघालं. कागदाचं काय ते नंतर, आमच्यासारख्या स्टोअरवाल्यांकडून. वसाहतीतले सगळे फिटर असेच माल न्यायचे, आणि इतक्या वर्षांत कुणी त्याचा विश्वास मोडल्याचं मला आठवत नाही. खरे चोर वेगळे होते, आणि ते सापडले की हरूभाऊ त्यांना स्वतःच्या हाताने मारायचा. तांब्याची तार पळवणाऱ्या एकाला त्याने विजेच्या खांबाला बांधून पट्ट्याने फोडलं होतं. बाजार गोल करून उभा होता. मी मध्ये पडलो तर मला म्हणाला, ‘तू पुस्तकं वाच जाऊन.’ मारून झाल्यावर त्यानेच त्या माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, टाके घालून होईपर्यंत बाहेर बसून राहिला. यावरून त्याला दयाळू म्हणावं असं मला वाटत नाही. तो आपलं काम शेवटपर्यंत नेणारा माणूस होता, इतकंच.

कान हळूहळू जात होते आणि हे त्याच्या बायकोखेरीज, शैलावहिनींखेरीज, कुणालाही माहीत नव्हतं. तो लपवायचाच तसा बेमालूम. समोरच्याचे ओठ वाचायचा. आपणच अखंड बोलत राहायचा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची वेळ कमी येते. खुर्चीवरून दाराकडे बघत बसायचा आणि कुणी हात वर केला की मान हलवायचा. हात दिसला नाही तर मान हलायची नाही, आणि फिटरांना वाटायचं भाऊ कामात आहे. फोनवर तर तीनच शब्दांवर त्याचा सारा कारभार चालायचा : ‘हां, हां’ आणि ‘चालू द्या.’ माल पाठवू का, उद्या येऊ का, भाव वाढलाय, मुलाचं लग्न ठरलंय, सगळ्यावर ‘हां, हां, चालू द्या.’ बहुतेक गोष्टी त्यावर खरंच चालायच्या. मला तो उर्मट वाटायचा. इतरांना मोठ्या मनाचा वाटायचा. बहिरा मात्र कुणालाच वाटला नाही, कारण बहिरा माणूस गरीब, बापुडा दिसला पाहिजे अशी आपली समजूत असते.

मग दुकानात कॅमेरे आले, आणि मनाली बी. कॉम. होऊन दुकानात बसायला लागल्यावर दुकानाचं पेज आलं. सुरुवातीला त्यावर पंप, पाइप, दिवाळीच्या शुभेच्छा असं निरुपद्रवी काही असायचं आणि कुणी बघायचं नाही. एकदा रॅकमागे पाना खिशात घालणारा एक माणूस कॅमेऱ्यात सापडला. मनालीने ते चित्रण ‘चोर ओळखा’ म्हणून टाकलं, मागे मारामारीचं संगीत लावलं, आणि पेज धावायलाच लागलं. लोक ती क्लिप बघायला दुकानात यायचे आणि जाता जाता नळ घेऊन जायचे. पुढे दर थोड्या दिवसांनी एक चोर निघू लागला. हरूभाऊ खूश होता. हात दुखत नाहीत, म्हणायचा. कॅमेरा आल्यावर मारायचं काम आपण अनोळखी लोकांवर सोपवलंय, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. व्यापारी मंडळाने तर त्याला ‘डिजिटल व्यापारी’ म्हणून शाल, श्रीफळ आणि मोबाइलच्या आकाराचं एक पितळी स्मृतिचिन्ह दिलं. समारंभाला पालघरच्या कोर्टात काम करणारे एक वकील वक्ते होते, आणि त्या संध्याकाळी शहाणं असं फक्त तेच बोलले. ‘पेज तुमचं म्हणजे छापखाना तुमचा,’ ते म्हणाले. ‘कुणाच्या तोंडावर चोर लिहून लावलंत आणि तो चोर निघाला नाही, तर बदनामीचा खटला तुमच्यावर. त्यावरून कुणी त्याला हात लावला, तर आणखी कलमं. आणि पेज मुलाबाळांच्या नावावर असेल, तर पोलीस त्यांच्याकडेही येणार.’ सभागृहाचं लक्ष मागच्या बाजूला मांडलेल्या बिर्याणीकडे होतं. पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेला एक माणूस तेवढा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. तो हरूभाऊ. त्याला त्यातलं अक्षरही ऐकू आलेलं नव्हतं, हे आता कळतं.

सुरेश धोडी जव्हारकडच्या डोंगरातला. आयटीआय करून वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलेला. तो आणि त्याची बायको यमुना बोईसरमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचे. एका दुपारी कारखान्यात पंप बंद पडला आणि तो हरूभाऊकडून बेअरिंग घेऊन गेला. रीतीप्रमाणे दारातून वळला, हात वर केला, हाक दिली. हरूभाऊ तेव्हा खाली वाकून खोक्याची दोरी कापत होता. हात त्याला दिसला नाही, आणि हाक त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. मनाली त्या वेळी जेवायला गेली होती. नंतर रेकॉर्डिंग चाळताना तिला तो दिसला, तिने बापासमोर येऊन विचारलं, ‘बाबा, ह्याने सांगून नेलं का?’ ‘नाय,’ हरूभाऊ म्हणाला. ‘मला कोण काय बोललं नाय.’ तो खोटं बोलत नव्हता. कॅमेऱ्याला आवाज टिपायची सोय नव्हती. त्यामुळे चित्रात एवढंच दिसत होतं की एक काळासावळा माणूस रॅकमधून खोकं उचलतो, दारात वळतो आणि मालकाच्या पाठीकडे बघून हात हलवतो. मनालीने खाली ओळ लिहिली : ‘टाटा करून गेला. ओळखता का याला?’ लोकांना ती ओळ फार आवडली.

संध्याकाळी शिफ्टची बस थांब्यावर आली तेव्हा पोरं वाट बघत होती. त्यांतली काही आमच्या बाजारातलीच, चांगल्या घरची, शिवजयंतीला ढोल वाजवणारी. सुरेश पायरीवर असतानाच त्यांनी त्याला शर्टाला धरून खाली ओढलं. पुढचं मी लिहू शकतो, कारण त्यांनी स्वतःच ते मोबाइलवर घेतलं होतं, मागे मनालीच्या क्लिपचंच संगीत लावून. आधी पट्टे होते. मग कुणीतरी फुटपाथचा ब्लॉक उपटून आणला आणि त्याच्या हातावर टाकला, ‘कुठल्या हाताने टाटा केलास?’ असं विचारत. तो ओरडून सांगत होता, ‘भाऊला फोन लावा. मी हाक मारली व्हती. भाऊला इचारा.’ प्रत्येक जमावात एखादा न्यायप्रिय माणूस असतोच. त्याने सगळ्यांना थांबवलं, फोन लावला, स्पीकरवर ठेवला. हरूभाऊ पामला घरी जेवत होता. ‘भाऊ, तो क्लिपवाला सापडलाय. म्हणतो, तुम्हाला सांगून नेलं. काय करायचं याचं?’ आणि त्या गलक्यातूनही स्वच्छ उमटलेला, मी कुठेही ओळखेन असा, तो आवाज : ‘हां, हां. चालू द्या.’ ...त्यानंतर हेल्मेट आलं. हेल्मेट डोकं वाचवण्यासाठी असतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर आपटलं, तोंडाचा आकार बदलेपर्यंत. सुरेश जगला. जबडा मोडला, डावा डोळा गेला. घरी वहिनींनी विचारलं होतं, कुणाचा फोन. हरूभाऊ म्हणाला, असाच, आणि भात मागितला.

दुसऱ्या दिवशी पोलीस दुकानात आले आणि त्यांनी नाव विचारलं ते मनालीचं. पेज तिच्या नावावर होतं, ओळ तिने लिहिली होती. पोलीस गेल्यावर तिने मारहाणीचं ते चित्रण बापासमोर धरलं, आवाज होता तेवढा मोठा करून. मी तिथे होतो. हरूभाऊ टक लावून बघत होता. ब्लॉक पडला. फोन लागला, कुणीतरी विचारलं, त्याचा स्वतःचा आवाज दुकानभर घुमला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. चित्रण संपल्यावर त्याने मनालीकडे बघितलं. ‘तवा मी काय बोललो?’ तिला वाटलं, बाप नाटक करतोय. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने फोन खाली घेतला. शेवटी मीच त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ते शब्द सांगितले. त्याने काउंटरच्या काचेवर हात मारला. काच फुटली. तो मारतच राहिला, फुटलेल्या काचेवर, तळव्याची चिंधी होईपर्यंत... आम्ही दोघांनी मिळून त्याला ओढून बाजूला काढलं.

हाताला पट्टी बांधलेली असतानाच तो मला घेऊन सुरेशला बघायला इस्पितळात गेला. बरोबर केळी आणि सफरचंदं, आपल्याकडे आजाऱ्याला नेतात तशी. सुरेशचा जबडा तारेने बांधलेला होता, त्याला बोलता येत नव्हतं. यमुना खाटेजवळ उभी होती. तिने पिशवी हातात घेतली, शांतपणे खाली ठेवली, आणि हरूभाऊच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. वॉर्डातले लोक बघू लागले. आयुष्यभर एका माराची परतफेड दुसऱ्या माराने करणारा हा माणूस हात खाली सोडून उभा राहिला. ‘तुमी चालू द्या बोलले,’ ती म्हणाली. ‘बोललो.’ ‘का बोलले?’ याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याने तोवर जन्मात कुणाला दिलेलं नव्हतं. ‘तो चोर नाय, हे तुमी सगल्यांसमोर बोला,’ यमुना म्हणाली. ‘कंपनीवाले बोलतात, चोराला आत घेणार नाय. गावातपण क्लिप गेली. त्याची आई घराभायेर येत नाय. तुमचं दुसरं काय नको आमाला. ती केलीपण घेऊन जा.’ केळी आम्ही परत आणली.

वकिलांचा सल्ला निघाला तो याच्या नेमका उलट. मंडळाच्या समारंभात बोलले होते तेच हे वकील; त्यांना दोष द्यायचं कारण नाही, भाषण करणं हे एक काम आणि अशील वाचवणं हे दुसरं. पालघरच्या त्यांच्या ऑफिसात ते सावकाश, मुद्देसूद बोलले, आणि हरूभाऊ त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हता. ‘चित्रात तो माल उचलतोय. हाक मारल्याचा पुरावा नाही, कॅमेऱ्याला आवाजच नाही. म्हणजे मनालीने लिहिलं ते खरं समजून लिहिलं, असं म्हणता येतं. राहिला फोन. तो आवाज तुमचा नाही म्हणा. हल्ली कुणाचाही आवाज मशीनवर बनवता येतो, कोर्टाला हे माहीत आहे. तपासायला जाईल, वेळ जाईल, तोवर सगळं थंड होईल. पेजला मात्र हात लावू नका.’ हरूभाऊने विचारलं, ‘आणि तो सुरेश?’ वकील म्हणाले, ‘तो आपला अशील नाही.’ बाहेर जिन्यात मंडळाचे अध्यक्ष भेटले. मारणाऱ्यांत त्यांचा पुतण्या होता. ‘भाऊ, आपलीच पोरं आहेत,’ ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. ‘तुमच्या मालासाठीच गेली ना? तुम्ही चोर म्हणालात, म्हणून गेली. आता तुम्ही फिरलात तर ती कुठे जातील?’ अध्यक्षांची वाक्यं एरवी भाषणातल्यासारखी असतात. त्या दिवशी नव्हती.

रिक्षाने आम्ही बोईसरला परत आलो. दुकानात शिरल्यावर हरूभाऊ मनालीला म्हणाला, ‘फोन काढ. माजा फोटो नाय, बोलताना घे.’ ती रडायला लागली. वकिलांनी काय सांगितलंय ते तिने ओरडून सांगितलं, तोंड त्याच्यासमोर आणून सांगितलं. बापाने कबूल केलं तर बाप आत जाणार आणि नाही केलं तर कदाचित ती, असा तो पेच होता, आणि त्यातून दोघंही सुटायची एकच वाट होती, वकिलांनी सांगितलेली. फक्त ती सुरेशच्या अंगावरून जात होती. ‘बाबा, त्याला आपण गुपचूप मदत करू,’ ती म्हणाली. ‘तू गप,’ तो म्हणाला, आणि बेअरिंगच्या रॅकसमोर जाऊन उभा राहिला. ते चित्रण मी इतक्या वेळा बघितलंय की मला पाठ झालंय. ‘मी हरेश्वर चुरी. सुरेश धोडी चोर नाय. आमच्याकडे हाक मारून माल नेतात, तसा त्यानं नेला. मला ऐकू येत नाय. लय वर्षं येत नाय, मी लपवलं. फोनवर आवाज हाय तो माझाच हाय, मशीनचा नाय. मला काय इचारलं ते कळलं नाय आणि मी चालू द्या बोललो. पोरीनं लिवलं ते मी सांगितलं म्हणून लिवलं. ज्यांनी मारलं त्यांनी माजं नाव पुढे करू नये. चोर नसलेल्या माणसाला मारलं तुमी. मीपण.’ एवढं बोलून तो कॅमेऱ्याकडे बघत राहतो, कारण थांबायचं कसं हे त्याला कळत नाही, आणि शेवटी मनालीच चित्रण बंद करते.

हेच त्याने पोलिसांकडे जबाबात लिहून दिलं. बहिरेपणाची तपासणी झाली, तिचा कागद निघाला. पेजवर लोकांनी लिहिलं : सोंग घेतलंय, म्हातारा घाबरला, डोंगरवाल्यांनी विकत घेतला. चोराची क्लिप जिथवर गेली होती त्याच्या निम्म्या वाटेवरही हे चित्रण पोचलं नाही. पण कारखान्यात ते पोचलं आणि सुरेशला कामावर परत घेतलं, बसून करायच्या कामावर. मनालीच्या मागचं शुक्लकाष्ठ तूर्त टळलं. हरूभाऊवर खटला राहिला, आणि मारणाऱ्या पोरांकडे होती नव्हती ती एकुलती एक सबब संपली. तेव्हापासून दुकानाच्या शटरवर शेण, दगड, आणि फोनवर जे यायचं ते यायला सुरुवात झाली.

डॉक्टरांनी त्याला कानाचं यंत्र दिलं होतं. ते लावून तो पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी ‘ये’ म्हणालो तर दचकून बघायला लागला. ‘कोल्हापूर, तुजा आवाज एवडा बारीक हाय? एवडी वर्षं मला वाटलं, जाड आसंल.’ घरच्या पंख्याला आवाज असतो, चपलांना असतो, वहिनी भाजी निवडताना स्वतःशी गुणगुणतात, हे त्याला नव्याने कळत होतं. दुकानात मात्र तो यंत्र लावायचा नाही. लोखंडावर लोखंड आपटलं की डोक्यात सुरी फिरते, म्हणायचा. शिवाय फोन. ‘एवड्या वर्षांनी ऐकू यायला लागलं, तर नुसत्या शिव्या ऐकू येतात,’ असं त्याने मला सांगितलं, आणि आम्ही दोघेही हसलो... त्या सकाळी तो यंत्र घरी ठेवून नेहमीच्या वेळेला दुकानावर आला, कुलूप काढायला खाली वाकला. मोटारसायकलवरून पोरं मागे येऊन थांबली. समोरच्या चहावाल्याने त्यांच्या हातातली सळई बघितली आणि जिवाच्या आकांताने हाक मारली, ‘भाऊ, मागे बघा.’ पुन्हा मारली. रस्त्यावरच्या प्रत्येकाने मान वळवून बघितलं. हरूभाऊ कुलपाशी झटत राहिला. पहिल्या फटक्यात तो शटरवर आदळला, बाकीचे त्याने पडल्यावर खाल्ले, आणि त्याचं काम झाल्यावर ती पोरं कुलूप तोडून, शटर उचलून आत शिरली आणि हाताला येईल ते फोडत सुटली. तो शुद्धीवर आलाच नाही. इस्पितळात काही दिवस मशीन श्वास घेत होतं, मग तेही थांबलं.

तेराव्याला मी पामला गेलो. मंडळाकडून पुष्पचक्र आलं होतं. मनालीने ते गोठ्यात नेऊन टाकलं. दुपारी, पंगती उठल्यावर, सुरेश आणि यमुना आले. ओसरीवरची कुजबुज थांबली. सुरेशला तोंड पुरतं उघडता येत नाही, म्हणून वहिनींनी त्याच्यापुरता भात मऊ करून आणला. तो हळूहळू जेवला, उठला, फोटोला नमस्कार केला की नाही ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. यमुना माझ्याजवळ आली. मी कुठेतरी लिहितो हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. ‘तुमी पेपरात लिवणार?’ मी म्हटलं, बहुतेक. ‘मग आमी माफ केलं, आसं लिवू नका. आमी जेवायला आलो.’ मी लिहीत नाही. हरूभाऊलाही ते आवडलं नसतं. माफी हा प्रकार त्याला कधी समजला नव्हता.

चहा करायला वहिनी उठल्या तेव्हा कपाटातली साखर काढताना त्यांच्या हाताला ते यंत्र लागलं. त्या सकाळपासून ते तिथेच होतं, साखरेच्या डब्याशेजारी, जिथे तो घरातून निघताना काढून ठेवायचा. त्यांनी ते मुठीत घेतलं आणि, चालू यंत्र झाकलं की वाजतं तसं, ते शिट्टी वाजवायला लागलं, बारीक, एकसुरी. मूठ उघडली की बंद, मिटली की सुरू. ‘बंद कसं करायचं ते त्यांनी दावलंच नाय,’ त्या म्हणाल्या. मनाली म्हणाली, आई, सेल काढला की झालं. ‘असू दे,’ वहिनी म्हणाल्या. ‘सेल उतरला तर नवा आण.’ त्यांनी ते पदराच्या टोकात गुंडाळून कमरेला खोचलं, आणि ते तिथूनही वाजत राहिलं. सुरेश, यमुना, मनाली, मी, आम्ही चहा घेत इकडचं तिकडचं बोलत होतो. कुणीही ते थांबवा म्हणालं नाही. आणि न ठरवता आम्ही सगळेच थोडं मोठ्याने बोलू लागलो.